जुना लॅपटॉप आणि नवी पुंजी

वस्तु जुनी झाली एवढ्याच कारणावरून ती टाकून देण्याची घाई आपल्या घरांत पूर्वीं सहसा होत नसे. पितळेच्या भांड्यांस कल्हई होई, स्टोव्हचा वायसर बदलला जाई, छत्रीला नवें कापड चढे आणि तीच छत्री आणखी चार पावसाळे पाही. शिवणयंत्र तर सासूकडून सुनेकडे येई, आणि त्यास कोणी म्हातारें म्हणत नसे. हल्लींच्या यंत्रांचें आयुष्य मात्र निराळ्याच मापानें मोजतात. आठ-नऊ वर्षांचा लॅपटॉप म्हणजे जणूं वानप्रस्थास निघालेला गृहस्थ, अशी समजूत घरोघरीं झाली आहे. त्याची कळ दाबावी, चहा करावा, तो पिऊन कप विसळावा, आणि परत येऊन पाहावें तों पडद्यावर तें वाटोळें चक्र अद्याप फिरतच असावें, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. अशा वेळीं लोकांना दोनच मार्ग सुचतात: चरफडत दिवस काढावे, किंवा कर्ज काढून नवें यंत्र आणावें. तिसराहि एक मार्ग आहे, आणि तो आमच्या घरीं चोखाळून पाहिला असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहावे असें वाटलें.

आमच्या एकत्र कुटुंबांत २०१६ सालीं घेतलेला एक लॅपटॉप आहे. त्यावर आमची नात संख्याशास्त्राचा अभ्यास करते, धाकटे बंधू आपल्या दुकानाचा जमाखर्च लिहितात, सूनबाई विजेचीं व विम्याचीं बिलें भरतात, आणि दुपारीं सर्वांचें आटोपलें म्हणजे आम्ही वडिलांच्या हातच्या पोथ्यांची नक्कल टंकलिखित करीत बसतों. म्हणजे यंत्र एक आणि धनी चार. २०२५ च्या पाडव्यास घरांत असें ठरलें कीं, नातीच्या पुढील शिक्षणासाठीं सुमारें ५५,००० रुपयांचा नवा लॅपटॉप घ्यावयाचा. शिलकेंतील १०,००० रुपये बाजूस काढावयाचे, आणि उरलेल्या रकमेसाठीं दरमहा २,५०० रुपयांची आवर्ती ठेव बँकेंत अठरा महिने चालवावयाची. येथें आमच्या पुतण्यानें हरकत घेतली. तो म्हणाला, "काका, अठरा महिने कशाला थांबतां? शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांनीं नवा लॅपटॉप उद्यां घरीं येईल."

शून्य टक्के व्याज! सावकार व्याज सोडतो ही गोष्ट आम्ही कीर्तनांतहि ऐकिली नव्हती. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१३ मध्येंच बँकांना बजाविलें होतें कीं, शून्य टक्के व्याज म्हणून कांहीं नसतेंच. त्यानंतर नांव बदललें आणि 'नो कॉस्ट' हप्ते आले. त्यांत व्याज असतेंच. फक्त तेवढीच सूट किंमतींत दाखवून तें झांकलेलें असतें. रोख घेणारास मिळूं शकली असती ती सूट बहुधा ह्या झांकणाच्या कामीं खर्ची पडते. शिवाय हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावरील १८ टक्के वस्तु व सेवा कर आपल्याच माथीं येतो, आणि प्रक्रिया-शुल्क म्हणून कांहीं रक्कम असली तर तीहि. ही आंकडेमोड आम्हीं पुतण्यासमोर मांडली. त्यानें ती शांतपणें ऐकून घेतली आणि म्हटलें, "काका, पैशाचें व्याज तुम्हीं मोजलें. रोज सकाळीं पोरीचीं पंधरा-वीस मिनिटें फुकट जातात, त्यांचें व्याज कोण मोजणार?"

प्रश्न वाजवी होता. वडील माणसांनीं संयमाचा उपदेश करावयाचा आणि त्या संयमाचा भार मात्र घरांतील सर्वांत लहान माणसानें वाहावयाचा, ह्याला काटकसर म्हणतां येत नाहीं. तेव्हां हप्ते नकोत असा आमचा आग्रह असेल तर नवा येईपर्यंत जुन्यास चालता नव्हे, धांवता करण्याची जबाबदारीहि आमचीच, हें आम्हीं कबूल केलें. त्याबरोबर एक मर्यादाहि घालून घेतली. जुन्यावर करावयाचा खर्च नव्याच्या किंमतीच्या दशांशाहून, म्हणजे ५,५०० रुपयांहून अधिक होतां कामा नये, आणि ठेवींतील एका पैशासहि हात लागतां कामा नये. कारण जुन्या घराच्या डागडुजींतच नव्या घराचा पैसा संपल्याचीं उदाहरणें आमच्या पाहण्यांत आहेत.

वैद्यानें आधीं निदान करावें आणि मग मात्रा उगाळावी. लॅपटॉप मंद झाला म्हणजे त्यांतलें नक्की काय मंद झालें? विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर नांवाचा एक तक्ता उघडतो. आमच्या यंत्रांत त्या तक्त्यावर मोठी मौज दिसली. प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष गणित करणारा भाग, बहुतेक वेळ रिकामा बसलेला. आणि डिस्कच्या रकान्यांत शंभर टक्के हा आंकडा मिनिटेंच्या मिनिटें हलावयास तयार नाहीं. लेखनिक हात जोडून बसला आहे आणि कपाटांतून कागदच येत नाहींत, असा तो प्रकार होता.

ह्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्यें खरोखरीच तबकड्या असतात आणि त्या फिरतात. लॅपटॉपांतील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हा वेग ऐकावयास मोठा वाटतो. परंतु हवा असलेला मजकूर सुईखालीं येईपर्यंत सरासरीनें अर्धा फेरा थांबावें लागतें, म्हणजे सेकंदाचा १८० वा भाग. आणि सुई धरणारा हात योग्य जागीं सरकावयास त्याहून अधिक वेळ लागतो. दोन्ही मिळून हिशोब असा पडतो कीं, विखुरलेले तुकडे वेंचावयाचे असतील तर सेकंदास साठ-ऐशींच्यावर ते हातीं येत नाहींत. आणि यंत्र सुरू होतांना तर असे हजारों लहान लहान तुकडे वेंचावे लागतात. मोठ्या ग्रंथालयांतील एकच शिपाई प्रत्येक पुस्तकासाठीं माळ्यावर चढतो आणि उतरतो, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें.

दुसरें दुखणें रॅमचें. रॅम म्हणजे लेखनिकापुढील चौरंग. आमच्या यंत्राची रॅम ४ जी.बी.; त्यांतील बराचसा भाग विंडोजच अडवून बसे. उरलेल्या जागेंत नातीनें ब्राउझरचीं दहा पानें उघडलीं कीं चौरंग भरला. मग यंत्र चौरंगावरचे कांहीं कागद उचलून पुनः त्याच संथ तबकडीवर नेऊन ठेवी, आणि मागितले कीं परत आणी. प्रोसेसर मात्र २०१६ सालीं जितक्या वेगानें बेरीज करीत होता तितक्याच वेगानें आजहि करतो. म्हातारा तो झालेला नव्हता. त्याच्याकडून अपेक्षा वाढल्या होत्या. पास्कल ह्या संगणक-भाषेचे जनक निक्लाउस विर्थ ह्यांनीं १९९५ मध्येंच तक्रार केली होती कीं, यंत्रें जितक्या झपाट्यानें वेगवान् होतात त्याहून अधिक झपाट्यानें आज्ञावली मंद होत जातात. ज्या देशांत पाणिनीनें सबंध भाषेचें व्याकरण सुमारें ४,००० सूत्रांत बसविलें आणि एक अक्षरहि अधिक पडूं नये म्हणून जिवाचें रान केलें, त्या देशांतल्या संस्कृतच्या शिक्षकास ही तक्रार पटावयास वेळ लागत नाहीं. असो.

उपचारास हात घालण्यापूर्वीं सर्व मजकुराची नक्कल दुसरीकडे उतरवून घेतली. हें काम नीरस आहे, पण त्यास पर्याय नाहीं. फिरणारी तबकडी कोणत्या दिवशीं बंद पडेल हें ती सांगून ठेवीत नाहीं. त्यानंतर जे उपाय केले त्यांतले पहिले फुकटचे. यंत्र सुरू होतांच आपोआप जागे होणारे चौदा कार्यक्रम त्या टास्क मॅनेजरच्या यादींत निघाले. त्यांत एका छपाईयंत्राचा मदतनीस होता, आणि तें छपाईयंत्र आम्हीं पूर्वींच विकून टाकलेलें होतें! धनी गेला तरी कारकून हजेरी लावीतच होता. जरुरीचे तीन ठेवून बाकीच्यांस रजा दिली. विषाणु-प्रतिबंधक कार्यक्रम दोन होते, ते एकमेकांवरच पहारा करीत. विंडोजबरोबर येणारा ठेवला, दुसरा काढला. भिंतीवरील घड्याळ लावून आम्हीं वहींत नोंद केली: आधीं ४ मिनिटें ४० सेकंद, आतां ३ मिनिटें २० सेकंद. 'एका क्लिकमध्यें वेग दुप्पट' अशा जाहिराती करणारे कार्यक्रम मात्र आम्हीं दारांतूनच परत पाठविले. जत्रेंत शक्तीचीं औषधें विकणारांची जी जात, तीच ह्यांची.

धूळ हा आपल्याकडे दुर्लक्षिला जाणारा विषय आहे. वैशाखांत दुपारीं हें यंत्र अधिकच अडखळत असे. त्याचें कारण असें कीं, अति तापल्यावर प्रोसेसर जळूं नये म्हणून तो आपला वेग आपणच कमी करतो. कारागिरानें झांकण उघडलें तों पंख्यासमोर धुळीचा चांगला नमदा जमला होता, आणि प्रोसेसरवरील उष्णता वाहून नेणारा लेप वाळून भुगा झाला होता. तो नवा लावला. गादीवर किंवा रजईवर लॅपटॉप ठेवण्याची तरुण मंडळींस जी संवय आहे, तिनें हवेचीं छिद्रें बुजतात. आम्हीं नातीला पोथी वाचण्याचा लांकडी व्यासपीठ देऊं केला. तिनें तो हंसत घेतला आणि खरोखरच वापरते.

परंतु खरा पालट झाला तो तबकडी बदलल्यानें. तिच्या जागीं एस.एस.डी. बसविली. हिच्यांत फिरणारें असें कांहींच नाहीं. मजकूर विद्युत्भाराच्या रूपानें चिपांत सांठविलेला असतो, आणि हवा तो तुकडा सुमारें सेकंदाच्या दहाहजाराव्या भागांत हातीं येतो. शिपायाचें माळ्यावर चढणें-उतरणेंच संपलें. जुन्या अडीच इंची डिस्कच्याच आकाराची आणि त्याच जोडणीची ती मिळत असल्यामुळें यंत्रांत कांहीं फोडतोड करावी लागली नाहीं. २५६ जी.बी.ची एस.एस.डी. २,२०० रुपयांस पडली, ४ जी.बी.ची रॅम आणखी घातली तिचे १,१०० झाले. कारागिराची मजुरी, सफाई आणि लेप मिळून ७०० रुपये झाले. एकूण ४,००० रुपये. पुनः घड्याळ लावून पाहिलें: २६ सेकंद. सूनबाईंनीं चहाचें आधण ठेविलें होतें, त्यास उकळी येण्यापूर्वींच नातीचा अभ्यास सुरू झाला होता.

खरेदीपूर्वीं आपल्या यंत्राची प्रतिकृति-संख्या कारागिरास दाखवून मगच माल घ्यावा, हें येथें सांगितलें पाहिजे. डी.डी.आर. ३ जातीची रॅम डी.डी.आर. ४ च्या खांचेंत बसत नाहीं. कांहीं पातळ लॅपटॉपांत तर रॅम मूळ पाटीलाच डाख लावून जोडलेली असते, तेथें वाढीचा मार्गच नसतो. आणि जुन्या डिस्कचे तुकडे जुळवून ठेवण्याची जी डिफ्रॅगमेंट नांवाची क्रिया, ती एस.एस.डी.वर करूं नये; लाभ शून्य आणि झीज मात्र होते.

पुतण्या म्हणाला, "काका, डिस्क नवी, रॅम नवी, लेप नवा, आतां ह्यांत जुना लॅपटॉप राहिला कोठें?" आम्हीं त्यास मिलिंद राजाची आणि नागसेन भिक्षूची गोष्ट सांगितली. चाक म्हणजे रथ काय, कणा म्हणजे रथ काय, असें एकेक विचारीत नागसेनानें राजास कुंठित केलें होतें. पुतण्यानें विचारलें, त्या रथास वॉरंटी होती काय?

येथवर सर्व सुरळीत झालें. पण विंडोज १० ह्या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस त्या आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देण्याची तरतूद ठेविली होती. विंडोज ११ घालावी तर तिला इंटेलचा प्रोसेसर बहुतेक आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, आणि आमचा सहाव्या पिढीचा. शरीर धडधाकट, पण गोत्र जुळेना! बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात तें दुरुस्तीवांचून उघडें ठेवणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून दिवाळीच्या सुटींत नातीनें त्यावर लिनक्स मिंट ही प्रणाली घातली. लिनक्सचा गाभा हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें प्रथम प्रसिद्ध केला. आज ती जगभर वापरली जाते आणि तिला मोल पडत नाहीं. नातीला संख्याशास्त्रासाठीं लागणारी 'आर' ही भाषा तिच्यावर उत्तम चालते. सूनबाईंचीं बिलें ब्राउझरमधूनच भरलीं जातात, त्यांना फरक जाणवला नाहीं.

गैरसोय झाली ती बंधूंची. त्यांची टॅली विंडोजवांचून चालत नाहीं. ते दोन दिवस रुसले, आणि मग आपला जमाखर्च दुकानांतील संगणकावर नेला. तो तेथेंच असावयास पाहिजे होता असें आमचें मत. पण तें आम्हीं त्यांना बोलून दाखविलेलें नाहीं. आम्हांला स्वतःला धास्ती होती ती मराठी लिखाणाची. ती निराधार ठरली. सरकारनें १९८६ मध्यें प्रमाण ठरविलेली इन्स्क्रिप्ट कळपाटी लिनक्समध्येंहि जशीच्या तशी आहे, तेव्हां बोटांस नवें कांहीं शिकावें लागलें नाहीं. फक्त जुन्या पद्धतीच्या खासगी टंकांत लिहिलेले कांहीं कागद उघडले तों अक्षरांऐवजीं रोमन चिन्हांचा पसारा दिसला. ते युनिकोडमध्यें उतरवून घेण्याचें काम चालू आहे. ज्यांच्या घरीं असे जुने मराठी मजकूर असतील त्यांनीं तें प्रणाली बदलण्यापूर्वींच करून घेतलेलें सोयीचें.

बॅटरीवरून मात्र घरांत खरा वाद झाला. ती चाळीस मिनिटांवर टिकत नव्हती. घरीं वीज असते, मग बॅटरी कशाला, असें आमचें म्हणणें; आणि ग्रंथालयांत बसून काम करावयाचें तर भिंतीजवळचें एकच टेबल मिळतें व त्यासाठीं सकाळीं सातला रांग लावावी लागते, असें नातीचें. नवी बॅटरी २,४०० रुपयांस. चार हजारांत ती मिळविली कीं आमची ५,५०० ची मर्यादा मोडत होती. आम्ही मर्यादेवर अडून बसलों. आठ दिवसांनीं नात बॅटरी घेऊन आली. शेजारच्या दोन मुलांना ती गणित शिकविते, त्या पैशांतून तिनें ती घेतली. आणि जमाखर्चाच्या वहींत आमच्या अक्षराखालीं स्वतःच्या अक्षरांत 'बॅटरी, २,४०० रुपये, माझे' अशी नोंद केली. "आजोबा, तुमची मर्यादा मोडली नाहीं हं," एवढेंच ती म्हणाली. आम्ही त्यावर कांहीं बोललों नाहीं. पुढच्या महिन्यापासून ती वही आम्हीं तिच्याच स्वाधीन केली आहे.

ठेवीचें सांगावयाचें तर २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमच्या चिपांचे भाव जगभर फार चढले, आणि त्याचा ताण नव्या लॅपटॉपांच्या किंमतींवरहि आला. म्हणजे आम्ही साठवीत असतांना माल पुढें पळूं लागला. "मीं म्हटलें नव्हतें?" असें पुतण्या म्हणाला, आणि तें म्हणण्याचा त्यास अधिकार होता. नातीनें वही घेऊन हिशोब केला: उद्दिष्ट ६०,००० धरावें आणि दोन हप्ते अधिक भरावे, म्हणजे अठराचे वीस महिने. यंत्र धांवतें आहे तोंवर दोन महिने तिला जड नाहींत, असें तिचेंच मत पडलें. नवा घेतांना रॅम १६ जी.बी. असावी आणि ती पुढें वाढवितां येईल अशी खांच असावी, ह्या दोन अटी तिनें यादीच्या शिरोभागीं लिहिल्या आहेत. पातळपणा आणि रंग यादींत नाहींत. ह्यापुढें जुन्याची मूळ पाटी गेली किंवा बिजागरी तुटली तर त्यावर एक रुपयाहि घालावयाचा नाहीं, हेंहि ठरलें आहे. तेव्हां तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडे जाईल. बॅटरी फुगली तर मात्र ती त्याच दिवशीं बाहेर काढावयाची, तींत आगीचा धोका असतो.

काढून घेतलेल्या जुन्या तबकडीचें काय केलें, हें सांगावयाचें राहिलें. ३५० रुपयांच्या एका बाह्य पेटींत ती बसविली. संथ आहे, पण पोथ्यांच्या नकला, घराचीं कागदपत्रें आणि लग्नकार्यांचीं छायाचित्रें ठेवावयास तिला घाई कोठें आहे? दर अमावास्येस नात तिच्यावर सर्व मजकूर उतरवून घेते. एक प्रत पुतण्याच्या घरींहि असते. पेटी आमच्या कपाटांत, वडिलांच्या पोथ्यांच्या शेजारीं ठेविलेली आहे.